मागच्या दाराचा उतार

समितीच्या बैठकीच्या टेबलावर सगळे नमुने ओळीनं मांडले होते. बांबूची पट्टी. मातीची दाबून केलेली वीट. चुन्याच्या गिलाव्याचा तुकडा. पाडलेल्या जुन्या इमारतीतून आणून तासलेला काळा दगड. आमच्या ऑफिसात ही पद्धतच होती. कोणाला काम दाखवायचं तर नुसते नकाशे पुढे करायचे नाहीत, माल हातात द्यायचा. माणूस हात लावतो, उलटून पाहतो, मग त्याचा विश्वास बसतो.

सर एकेक नमुना उचलून समितीच्या अध्यक्षांच्या हातात देत होते. अध्यक्षांनी वीट टकटक वाजवली. बांबू वाकवून पाहिला. दगडावरून बोट फिरवलं. नमुने संपले तसे सर माझ्या मागे आले आणि व्हीलचेअरच्या दोन्ही मुठी धरून मला टेबलाच्या कडेशी ढकलत नेलं. न विचारता. माझ्या खुर्चीला कोणी असा हात लावलेला मला चालत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"आणि ह्या आमच्या दिव्यांग आर्किटेक्ट," सर म्हणाले. "इमारत सर्वांसाठी आहे, हे आम्ही नुसतं तोंडानं बोलत नाही."

अध्यक्ष खाली वाकले. विटेला केलं तेच त्यांनी माझ्या खुर्चीला केलं. बोटाच्या पेरानं नळीवर टकटक. माझा हात तिथेच होता.

"हलकी दिसते. इंपोर्टेड का हो?" हे सरांना विचारलं. मला नाही.

"छे, इथलीच. आमच्याकडे सगळं स्थानिकच असतं."

सगळे हसले. मीही हसले. हसायचं नव्हतं, तोंड आपोआप हसलं. नोकरी करणाऱ्या बाईच्या तोंडाला ती सवय लागलेली असते.

ती इमारत मी काढली होती. हे त्या खोलीत कोणी बोललं नाही.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यापासून जरा आत एक मोकळा प्लॉट होता. समितीला तिथं वाचनालय हवं होतं, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र हवं होतं आणि अभ्यासिका हवी होती. स्पर्धा परीक्षांसाठी विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली पोरं-पोरी तिथल्या खोल्यांत एकेका कॉटचं भाडं भरून राहतात, त्यांना बसायला जागा नसते. प्लॉटच्या मध्यावर एक उंबर होता. जुना, पसरलेला, पाखरांनी भरलेला. रस्त्यापेक्षा आतली जमीन कमरेएवढी उंच होती. त्यामुळे दार वर येत होतं.

मी पायऱ्या काढल्याच नाहीत. रस्त्यापासून दारापर्यंत एक रुंद वाट काढली. उंबराला वळसा घालून हळूहळू चढणारी. गुडघे गेलेली म्हातारी माणसं, बाबागाडीवाली आई, पाठीवर पुस्तकांचं ओझं घेतलेली पोरगी, मी. सगळ्यांना एकच वाट. अंध माणसाच्या काठीला लागेल अशी दगडाची उठलेली कड. मध्ये टेकायला कट्टा. वाट उंबराच्या मुळांवरून अलगद जाणार होती, खोल खोदायचंच नव्हतं. आत बांबूचं छत, मातीच्या विटा, उन्हाळ्यातही पंखा कमी लागावा अशी हवेची दिशा. एकच मजला. वरच्या मजल्यांनी मला शाळेपासून छळलंय. पाचवीचा वर्ग वर होता म्हणून बाई म्हणाल्या होत्या, हिला अजून एक वर्ष चौथीतच बसू द्या, तेवढीच पक्की होईल. मी पहिली आले होते. तरी बसले.

नकाशाची एक प्रत मी घरी आणली. आम्ही येरवड्यात राहतो, वस्तीत. आई सोसायट्यांचे जिने झाडते. तिच्यासाठी तिथं वेगळी लिफ्ट आहे, कचऱ्याचे डबे जातात ती. तिची आई पेठेत संडास साफ करायची. तिच्यासाठी घरांच्या मागून बोळ असायची. पुढच्या दारातून तिला कोणी पाहिलं असेल तर ती कोणाची तरी चूक असणार. आमची जात मी सांगत नाही. कामावरून कळते, आणि पुण्यात लोकांना लवकर कळते.

आईला वाचता येत नाही, पण नकाशा तिनं नीट पाहिला. चष्मा लावून, भिंतींवरून बोट फिरवत.

"दार कुठं हाय?"

"हे."

"आन् मागचं?"

"मागचं नाही आई. आग लागली तर पळायला बाजूनं दरवाजे आहेत, ते कायद्यानं ठेवावेच लागतात. पण आत यायचं दार एकच."

तिनं नकाशाच्या मागच्या भिंतीवरून पुन्हा बोट फिरवलं.

"म्हंजी मी बी हितनंच जाणार?"

"इथूनच."

"चपला घालून?"

"घालून."

आई हसली. "बघू बाई," म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. माझा बसला होता. त्या दिवसापासून माझ्यासाठी ती इमारत म्हणजे एवढंच होतं. आईला पुढच्या दारानं आत न्यायचं. कोणी न उचलता, कोणी न अडवता. बाकीचं सगळं, ती हरित इमारत, ते पुरस्कार, ते सरांचं नाव, सरांना लखलाभ.

त्या बैठकीत टकटकीनंतर अध्यक्षांनी नकाशा जवळ ओढला.

"पायऱ्या कुठायत?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, पायऱ्या नाहीत, वाट आहे.

"अहो, सार्वजनिक वास्तू आहे ही. माणूस पायरीला हात लावतो, कपाळाला लावतो, मग आत येतो. संस्कृती आहे आपली. सपाट वाटेनं आत शिरायला हा काय गोठा आहे? आणि उद्घाटनाला मान्यवर उभे कुठं राहणार? ग्रुप फोटो कुठं काढायचा?"

बाकीच्या सभासदांनी माना डोलावल्या. फोटोचा मुद्दा सगळ्यांना पटला होता. आपल्याकडे शाळा असो, बँक असो, पाण्याची टाकी असो, शेवटी पायऱ्यांवर ओळीनं उभं राहून फोटो काढल्याशिवाय ती झाली असं कोणाला वाटत नाही. बुटके पुढे, उंच मागे, अध्यक्ष मध्ये. त्या एका फोटोसाठी माझी वाट जाणार होती. मला ते तेव्हाच कळलं, तरी मी बोलले.

"साहेब, पायऱ्या आल्या तर मी मीच काढलेल्या इमारतीत पुढून जाऊ शकणार नाही."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला कुठं रोज यायचंय?"

परत ऑफिसात आल्यावर सरांनी केबिनचं दार लावून घेतलं. "क्लायंटसमोर पायरी सोडून बोलायचं नाही," म्हणाले. मग आवाज मऊ केला. "आणि जरा झाडाचाही विचार कर. तुझ्या रॅम्पनं उंबराची मुळं दुखावतील. निसर्ग आधी, बाकी नंतर. रॅम्प मागे घे."

मी म्हटलं, "सर, पायऱ्यांना पाया लागतो. खोदाई त्यांची होणार आहे. माझ्या वाटेनं झाडाला काही होत नाही, तुम्ही स्वतः तपासलंय."

"मागे घे," सर म्हणाले. "आणि तूच काढ. तुझ्याइतकं त्यातलं दुसऱ्या कुणाला कळणार?"

मागे जागा एकच होती. संडासची भिंत आणि ओल्या कचऱ्याचा खतखड्डा यांच्यामधली पट्टी. खतखड्डा इमारतीच्या हरितपणाचा पुरावा होता, तो हलणार नव्हता. मी म्हटलं, एवढ्या जागेत उतार नियमापेक्षा उभा होतो, एकटीला खुर्ची चढवता येणार नाही. सर म्हणाले, कोणीतरी ढकलेल की, माणुसकी आहे अजून. ते माझ्या खांद्यामागे उभे राहिले आणि मी संगणकावर रेघ ओढेपर्यंत हलले नाहीत. ती रेघ ओढताना मला आजीची बोळ दिसत होती. आजीला मी पाहिलेलंही नाही. पण भिंत तीच, वास तोच, आणि आता ती बोळ नकाशावर मी काढत होते. अंगाचा तिळपापड झाला होता. तरी मी ती पूर्ण केली.

कोणी म्हणेल, तेव्हाच नोकरी का नाही सोडलीस. सोडून जायचं कुठं? पुण्यातली आर्किटेक्टची ऑफिसं जुन्या बंगल्यांच्या वरच्या मजल्यांवर असतात. लाकडी जिने, भिंतीवर वेली, मातीच्या कुंड्या. निसर्गाशी नातं सांगणारी सुंदर ऑफिसं. मी मुलाखतींना जायचे आणि खाली रस्त्यावर थांबायचे. वरून कोणीतरी येऊन सांगायचं, तुमचं काम फारच छान आहे, पण आमच्याकडे लिफ्ट नाही ना. तळमजल्यावर असलेलं हे एकच ऑफिस मला मिळालं होतं.

पायऱ्या बांधल्या. रुंद, काळ्या दगडाच्या, माझ्या वाटेसाठी आणलेल्याच दगडाच्या. पायासाठी खोदलं तेव्हा उंबराची मोठी मुळं तोडली. वर्षभरात झाड एका बाजूनं वाळलं. मग कोणी म्हणालं, फळं पडतात, माश्या बसतात, पाहुण्यांच्या कपड्यांना डाग लागतील. उद्घाटनाच्या आधी तो कापला. ज्या झाडासाठी मला मागे घालवलं ते झाड गेलं आणि मी मागेच राहिले. त्याच्या जागी सिमेंटच्या कुंड्यांत शोभेचे पाम आले. माहितीपत्रकात मात्र उंबराचं चित्र तसंच होतं. खाली छापलं होतं, निसर्गाशी एकरूप.

उद्घाटनाला आईला घेऊन गेले. तिनं निळी नवी साडी नेसली होती. रिक्षातून उतरताना तिनं पायऱ्या पाहिल्या. तिचे गुडघे झाडूनं आणि बादल्यांनी खाल्लेत. दोन पायऱ्या चढली की बसते. तिला मी आधी सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड नव्हतं.

पायऱ्यांवर रांगोळी होती, झेंडूची तोरणं होती. मी खुर्ची मागे वळवली. मागच्या उतारावर केटररचा पसारा होता. पातेली, झारे, भाताची टोपली, साबणाचं पाणी उतारावरून वाहत खाली येत होतं. दुसरी जागा नाही म्हणून त्यांना तिथं बसवलं होतं. मी परत पुढे आले.

सरांनी वरून पाहिलं. "अरे, उचला रे चौघं मिळून," त्यांनी हाक मारली.

चौघं आले. मला कोणी विचारलं नाही. चार बाजूंनी खुर्ची धरली आणि उचलली. माझे पाय लोंबकळले, साडी पोटरीवर सरकली, ती खाली ओढायला हात मोकळा नव्हता कारण दोन्ही हातांनी मी नळ्या घट्ट धरल्या होत्या. ध्वनिक्षेपकावरची निवेदिका म्हणाली, "जिद्द काय असते बघा! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या झाल्या. फोटोग्राफर उलटा चालत फोटो काढायला लागला. अर्ध्यावर मी तिरकी झाले. खाली आई उभी होती. तोंडावर पदर धरून. तिला हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. आयुष्यभर मला उचलणारी ती स्वतः असायची.

"खाली ठेवा," मी म्हटलं.

"झालंच मॅडम, दोनच पायऱ्या राहिल्या."

"वर नाही. खाली ठेवा. रस्त्यावर."

ते चौघं गोंधळले. टाळ्या विरल्या. सर भराभर खाली उतरून आले आणि माझ्या कानाशी वाकले. "तमाशा करू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत. बघायलाच बोलावलंय ना त्यांना?"

"कृतघ्न आहेस तू," सर म्हणाले. हळू आवाजात, हसऱ्या चेहऱ्यानं, कारण कॅमेरा समोर होता.

"खाली ठेवा," मी मोठ्यानं म्हटलं. इतक्या मोठ्यानं मी त्या नोकरीत कधी बोलले नव्हते. माझा आवाज फाटला. त्यांनी मला रस्त्यावर ठेवलं आणि ते पाठ फिरवून वर गेले. निवेदिकेनं पुढच्या पाहुण्यांचं नाव घेतलं. कार्यक्रम सुरळीत चालू राहिला. माझ्या नकारानं तिथलं एक फूलही हललं नाही, हे मी स्पष्ट सांगितलं पाहिजे.

आई जवळ आली. "जाऊ दे ना गं. मागनं जाऊ. आपल्याला काय नवीन हाय?"

ह्या वाक्यानं मला मारलं. अध्यक्षांच्या टकटकीनं नाही, त्या चौघांनी नाही.

"मी नाही येणार," मी म्हटलं.

"मग मी बघून येते. तू काढलंयस." आणि ती निघाली.

मी कोपऱ्यापर्यंत मागून गेले. आईनं साडी वर धरली होती. एक हात संडासच्या भिंतीला. साबणाच्या पाण्यातून पाऊल जपून टाकत ती चढत होती. केटररच्या माणसानं तिला पाहिलं. "काय मावशी, किती उशीर? ती मोठी पातेली आधी घ्या."

आई थांबली. "मी भांड्याला न्हाई आले. पोरीची इमारत बघाया आले."

"कोण पोरगी?"

आईनं वळून माझ्याकडे हात केला. त्या माणसानं मला पाहिलं, खुर्ची पाहिली. "बरं बरं," म्हणाला. "जा. भांड्यांना पाय नका लावू फक्त."

पातेली ओलांडत ती आत गेली. मी तिथंच बसून राहिले. पुढच्या बाजूला पायऱ्यांवर फोटो चालू होता. बुटके पुढे, उंच मागे.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या साडीचा काठ ओला होता. "छान हाय," ती म्हणाली. "आत गार वाटतं. संडास तर लई भारी बांधलाय. तिथनंच गेले ना, पहिला त्योच दिसला."

"बसलीस का आत?"

"बस म्हणलं न्हाई कुनी."

घरी जाताना रिक्षात आई साडीचा ओला काठ पिळत राहिली. मला रडायचं होतं आणि रडू येत नव्हतं, संताप मध्ये अडकला होता.

इमारतीला पुरस्कार मिळाला. प्रदर्शनाच्या फलकावर माझा फोटो होता. हवेत उचललेला, तिरका, साडी पोटरीवर. खाली लिहिलं होतं, समावेशक वास्तू. मी सरांना म्हटलं, तो काढा. ते म्हणाले, "अगं, तुझीच प्रसिद्धी आहे. लोक पैसे देऊन करतात." त्या दिवशी मी नोकरी सोडली. कोणी थांबवलं नाही. माझ्या जागी दुसरी मुलगी आली, चालणारी.

आता मागच्या उताराला साखळी आहे, कुलूप आहे. सुरक्षेसाठी म्हणतात. उतारावर मोडक्या खुर्च्या रचल्यात. विरंगुळा केंद्रात एक आजोबा यायचे, अर्धांगवायूनंतर चाकाच्या खुर्चीवर. आता येत नाहीत, घरीच बसतात. मी चौकशी केली तर सांगितलं, "चावी मागितली की मिळते." कोणाकडे? वॉचमनकडे. वॉचमन कुठं बसतो? पुढे, वर, पायऱ्या चढून गेल्यावर. मी तक्रारी केल्या. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. त्यातली निम्मी टेबलं वरच्या मजल्यावर आहेत. काही होणार नाही. त्या पायऱ्या काळ्या दगडाच्या आहेत, माझ्या आयुष्यात झिजणार नाहीत. आईच्या तर नाहीच.

परवा स्वारगेटजवळच्या एका ऑफिसातून माणूस भेटायला आला. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, म्हणून तोच खाली आला. चांगला बोलत होता. त्यांच्याकडे एक सार्वजनिक दवाखान्याचं काम आलंय. मातीच्या भिंती, छतावर बाग, सगळं आजच्या पद्धतीचं. मोबाइलवर चित्र दाखवलं. समोर रुंद पायऱ्या होत्या.

"समोरचं डिझाइन झालंय मॅडम. तुम्ही फक्त मागचा रॅम्प बघायचा. तुमच्यासारखं कोणी बघितलं की मंजुरीला बरं पडतं. पगाराचं तुम्ही म्हणाल ते."

"पुढच्या दारातून आजारी माणूस कसा येणार?"

"मागे आहे ना वाट."

"मागची वाट मी काढत नाही."

तो हसला. "मॅडम, असं करून पुण्यात कोण काम देणार तुम्हाला?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तो गेल्यावर आईनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती संतापली. घरात तिचाच पगार येतो आता. ह्या गुडघ्यांवर ती अजून जिने झाडते, हे मला रोज दिसतं. माझ्या ताठरपणाची किंमत तिच्या गुडघ्यांतून जाते, आणि तरीही मी हलणार नाही. आत यायचं दार मी एकच काढीन. ते कोणाला नको असेल तर मी कोरा कागद परत देईन. माझ्या हातानं एक बोळ काढून झाली, तिच्यातून माझी आई गेली. दुसरी निघणार नाही.

"मग बस उपाशी," आई म्हणाली.

"बसते," मी म्हटलं.